वाडीवरची शाळा

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात सह्याद्रीच्या उतारावर लहान लहान वाड्या विखुरलेल्या आहेत. कोठे वीस घरे, कोठे चाळीस. पायथ्याशी भाटघर किंवा नीरा-देवघर धरणाचे पाणी पसरलेले, त्याच्या वर भाताची खाचरे, आणि त्याहून वर नाचणी-वरईची वरकस जमीन. वाडीत शिरताना प्रथम दृष्टीस पडते ते देऊळ, आणि बहुधा त्याच्या शेजारीच दोन खोल्यांची, पुढे ओटा असलेली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. शहरातील शाळेत जेवढी मुले एका वर्गात बसतात, त्यांच्या निम्मीसुद्धा या संपूर्ण शाळेत नसतात. तरीही मैल-दोन मैलांच्या परिसरात मुलांचे एवढे मोठे घर दुसरे नाही.

या शाळांचा इतिहास फार जुना आहे असे नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारने आपला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर न खर्चता खेड्यापाड्यांतील सामान्य रयतेच्या प्राथमिक शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकही शक्यतो शेतकरीवर्गातून यावेत, प्रसंगी नांगर धरण्यास त्यांना कमीपणा वाटू नये, असेही त्यांनी सुचविले होते. प्रत्यक्षात डोंगरातील वाड्यांपर्यंत शाळा पोहोचण्यास पुढे बराच काळ लागला. कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे कोणा शेतकऱ्याच्या पडवीत मुले बसू लागली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १ एप्रिल २०१० पासून बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. लहान मुलांना शाळेसाठी एक किलोमीटरहून अधिक चालावे लागू नये, आणि पट साठपर्यंत असला तरी शाळेत दोन शिक्षक असावेत, अशी व्यवस्था त्यामुळे झाली.

अशाच एखाद्या शाळेचा एक आठवडा आपण पाहू. सोयीसाठी तिचा पट सतरा धरू : पहिलीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत चार आणि चौथीत पाच मुले. शिकविण्यास एक गुरुजी आणि एक बाई. ज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचे काम गुरुजींकडे. सतरांपैकी दोन मुले वरच्या पठारावरील धनगरवाड्यावरून येतात. त्यांना घरातून निघाल्यापासून शाळेच्या ओट्यावर पाय ठेवीपर्यंत पाऊण तास उतरावे लागते, आणि परतताना अर्थातच चढावे लागते.

सकाळी पहिली येणारी मुले खराट्याने अंगण झाडतात, पाण्याची टाकी पाहतात आणि घंटा देतात. ही घंटा म्हणजे बहुधा लोखंडी रुळाचा एक तुकडा असतो, पण त्याचा टोल खाचरांतून काम करणाऱ्या माणसांसही ऐकू जातो व त्यावरून त्यांना वेळ कळते. मग परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष, एखादी गोष्ट आणि बातम्या असा त्याचा क्रम. मोठ्या शाळेत परिपाठ सांगण्याची पाळी एखाद्या मुलावर वर्षातून एकदा आली तर आली. येथे ती दर आठवड्यास येते. त्यामुळे जे मूल जूनमध्ये बाईंच्या पदराआड लपत होते, तेच दिवाळीपूर्वी सर्वांसमोर उभे राहून, “आज आमच्या गाईला वासरू झाले,” ही बातमी ठणठणीत आवाजात सांगते. ही बातमी वर्तमानपत्रात येणारी नव्हे, हे खरे. पण ती सतराही जणांना महत्त्वाची वाटते, आणि मधल्या सुट्टीत वासरू पाहून यावयाचे ठरतेसुद्धा.

एका खोलीत दोन इयत्ता बसवून शिकविणे हे सोपे काम नाही. बाई पहिलीच्या मुलांना चिंचोके मोजावयास देतात आणि तेवढ्यात दुसरीचे वाचन घेतात. दुसरीला लेखन दिले की पहिलीकडे वळतात. पलीकडच्या खोलीत गुरुजी चौथीचे गणित फळ्यावर सोडवीत असतात आणि तिसरीची मुले आपले शुद्धलेखन करीत आहेत असे दाखवून त्याकडे कान देत असतात. चौथीचा पुष्कळसा अभ्यास ती अशी एक वर्ष आधीच चोरून ऐकतात! ज्या दिवशी गुरुजींना बैठकीसाठी किंवा निवडणुकीच्या, गणनेच्या कामासाठी जावे लागते, त्या दिवशी चारही इयत्ता बाईंवर येतात. मग चौथीतील मुले पहिलीतील मुलांस जवळ घेऊन बसतात आणि पाटीवर अक्षरे गिरवून घेतात. असे दिवस वरचेवर येऊ लागले तर शिक्षणाचे नुकसान होते, हे येथे लपविण्याचे कारण नाही. परंतु धाकट्याला समजावून सांगताना थोरल्याचे आपले ज्ञान पक्के होते, हेही तितकेच खरे आहे.

दुपारचा आहार हा शाळेच्या दिवसाचा मध्य. देशात शालेय पोषण आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली. प्रारंभी अनेक ठिकाणी मुलांना घरी नेण्यासाठी कोरडा तांदूळ मिळे. पुढे शिजविलेले अन्न शाळेतच मिळू लागले. २०२१ पासून या योजनेस पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण हे नाव आहे. प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, आणि जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. वाडीतील एक मावशी स्वयंपाक करतात. सकाळी हजेरी झाली की चौथीतील एक मुलगी त्यांच्याकडे आकडा घेऊन जाते. सतराही हजर असल्यास एक किलो सातशे ग्रॅम तांदूळ. दोन मुले नसल्यास दीड किलो. किलो व ग्रॅम यांचा धडा पुस्तकात पुढे येतो, पण तो या मुलांस तराजूवर आधीच आलेला असतो.

जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकांनी किंवा एखाद्या पालकाने ते चाखून पाहावयाचे आणि तशी नोंद करावयाची, असा नियम आहे. नोंदवहीस ‘चव रजिस्टर’ असे गमतीदार नाव असले तरी तिच्यामागील हेतू गंभीर आहे. मुलांच्या पानात येणारे अन्न आधी मोठ्यांनी खाऊन पाहिले पाहिजे. मग ओट्यावर पंगत बसते. खिचडी, कधी वरणभात, कधी मटकीची उसळ. धनगरवाड्यावरचा मुलगा, पोलीस-पाटलांची नात आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा मुलगा एकमेकांस लागून बसतात. कोणी कोणाजवळ बसावयाचे, हे ज्या गावांत एके काळी जातीवरून ठरत असे, त्याच गावांत आज ते कोण कोणाचा मित्र यावरून ठरते. जेवण झाले की ज्याची ताटली त्याने घासावयाची. ताटलीचे पाणी मात्र फुकट जात नाही. ते चराने परसबागेत जाते.

परसबाग म्हणजे शाळेमागील चार-पाच वाफे. मेथी, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, कुंपणावर दुधी आणि घेवडा. त्यातील भाजी खिचडीत पडते. पावसाळ्यात भोरच्या डोंगरात पाणी घालण्याचा प्रश्न नाही. उलट वाफ्यांतून पाणी काढून द्यावे लागते. खरी कसोटी होळीनंतर. आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी बाई सर्वांना जेवणानंतर देतात, तेव्हा तोंड वाकडे करणाऱ्यांस त्या पालेभाजीचा वाफा दाखवितात. “वाफ्यातली मेथी रोज खाल्लीत, तर रक्त आपोआप वाढेल,” असे त्या म्हणतात. गोळी मात्र घ्यावीच लागते.

सोमवार ते शुक्रवार हा क्रम थोडाफार सारखाच. बुधवारी किंवा गुरुवारी जवळच्या मोठ्या गावचा बाजार असला, की एखाददुसरे मूल आईबरोबर जाते आणि दुसऱ्या दिवशी बाजारातील भाव वर्गास सांगते. गुरुजी त्याचे गणित करून टाकतात.

शनिवार मात्र निराळा. त्या दिवशी शाळा सकाळची आणि दप्तर घरी. २०२४ साली शासनाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम लागू केला. पण वाडीवरच्या शाळांत शनिवारची कवायत, लेझीम आणि सभा यांची परंपरा त्याच्या पुष्कळ आधीपासून होती.

कवायतीनंतर खेळ. आणि येथे सतरा हा आकडा अडचण करतो. खो-खोला एका बाजूस नऊ खेळाडू लागतात, म्हणजे दोन्ही मिळून अठरा. एक कमी पडतो. मग गुरुजी पायांतील चपला काढून स्वतः पाटीवर बसतात. कबड्डीला दोन्ही बाजूंचे मिळून चौदा लागतात, ते जमतात. मात्र मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, मोठे वेगळे, धाकटे वेगळे, अशी निवड करावयास येथे वाव नाही. दुसरीतील मुलगी चढाईला जाते आणि चौथीतील थोराड मुलगे तिला हळूच धरतात. कोणालाही “तू नको” असे म्हणता येत नाही, कारण एकास वगळले की खेळच मोडतो.

खेळानंतर अंगणातील झाडाखाली बालसभा भरते. शाळेचे मंत्रिमंडळ जूनमध्येच मतदानाने निवडलेले असते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, कृषिमंत्री, आहारमंत्री, ग्रंथालयमंत्री अशी खाती चौथी व तिसरीत वाटून झाली, की दुसरीतील मुलांकडे उपमंत्रिपदे येतात. प्रजा म्हणून उरतात ती पहिलीतील तीन मुले! आरोग्यमंत्र्याने दर सोमवारी नखे पाहावयाची. ग्रंथालयमंत्र्याने पेटीतील गोष्टींची पुस्तके देऊन घेऊन त्यांची नोंद ठेवावयाची. सभेस अध्यक्ष लागतो. तो दर वेळी वेगळा. एकाने नाव सुचवावयाचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यावयाचे, आणि मगच त्या मुलाने किंवा मुलीने खुर्चीवर बसावयाचे. खुर्ची गुरुजींची असते आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीस पोहोचत नाहीत; पण त्याने “शांत राहा” असे म्हटले की गुरुजीसुद्धा गप्प राहतात.

या सभांतील प्रश्न ऐकण्यासारखे असतात. बादलीची कडी तुटली आहे, ती दुरुस्त कोणी करावयाची? ग्रंथालयाचे एक पुस्तक भिजून आले, तर ज्याने भिजविले त्यास पुन्हा पुस्तक द्यावयाचे की नाही? आणि उन्हाळा जवळ आला की ठरलेला प्रश्न : रविवारी परसबागेस पाणी कोणी घालावयाचे? माणसांना सुट्टी असते, वांग्यांना नसते. ज्यांची घरे शाळेजवळ, त्यांनी घालावे असे एकजण म्हणतो. मग ज्यांची घरे जवळ ती मुले म्हणतात की दर रविवारी आम्हीच का? धनगरवाड्यावरची मुलगी उभी राहते. तिला रविवारी एवढ्या दूर उतरता येणार नाही, तेव्हा त्याबदली सोमवार व मंगळवार असे दोन्ही दिवस आपण पाणी घालू, असे ती सांगते. हात वर होतात, मोजले जातात आणि ठराव वहीत लिहिला जातो. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात. गुरुजी त्या सोमवारी दुरुस्त करून घेतात; ठरावात मात्र हात घालीत नाहीत.

मोठ्यांचीही एक सभा शाळेत भरते. शाळा व्यवस्थापन समिती असे तिचे नाव. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. महिन्यातून एकदा ही मंडळी जमतात. पत्रा उडाला, कुंपण मोडले, टाकीला गळती लागली, अशा कामांसाठी सरकारी निधीची वाट पाहावी की श्रमदानाने उरकून घ्यावे, याचा निर्णय येथेच होतो. कोणी वाळू देतो, कोणी दोन दिवस गवंडीकाम करतो. मुंबई-पुण्यास नोकरीला असलेले जुने विद्यार्थी यात्रेला आले की वर्गणी देतात. मुसळधार पावसात ओढ्यास पूर आला तर धनगरवाड्याच्या दोन मुलांनी त्या रात्री कोणाच्या घरी राहावयाचे, हेही आधीच ठरलेले असते. त्या दोघांची अंथरुणे तेथे तयार असतात. शाळेने वाडीस दिले त्यापेक्षा वाडीने शाळेस दिलेले कमी नाही. २०२० साली मार्चमध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि दूरध्वनीवरून शिक्षण देण्याचे प्रयत्न सुरू झाले. जेथे दूरध्वनीस संपर्कच मिळत नव्हता, अशा पुष्कळ वाड्यांत शिक्षकांनी ओट्यांवर व देवळांत दूर दूर बसवून मुलांना शिकविले.

आता या शाळांपुढील प्रश्न. मुले कमी होत आहेत. शेतीवर भागत नाही म्हणून तरुण कुटुंबे पुण्यास, मुंबईस किंवा शिरवळच्या कारखान्यांकडे जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. जेथे रस्ता झाला, तेथे खासगी इंग्रजी शाळेची गाडी येऊ लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूहशाळा’ उभाराव्यात, असा विचार मांडला. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. शासनाचे म्हणणे असे की, फार थोडी मुले असलेल्या शाळेत खेळगडी मिळत नाहीत, प्रत्येक विषयास शिक्षक मिळत नाही, ग्रंथालय व क्रीडांगण नीट होत नाही. मोठ्या शाळेत हे सर्व देता येईल आणि मुलांना ने-आण करण्यासाठी गाडी ठेवता येईल. शिक्षकांच्या संघटनांनी व अनेक पालकांनी त्यास विरोध केला.

शासनाचे म्हणणे पोकळ नाही. खो-खोला एक गडी कमी पडतो, हे आपण पाहिलेच. गाण्याची वा विज्ञानाची आवड असलेल्या मुलास दोन खोल्यांत फार काही मिळत नाही. परंतु ज्या घाटरस्त्यावर जुलैमध्ये दरड कोसळते आणि एस. टी. दोन दोन दिवस येत नाही, तेथे शाळेची गाडी रोज वेळेवर येईल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. गाडी आली नाही की त्या दिवसाची शाळा बुडाली. असे दिवस वाढले की प्रथम मुलींचे नाव कमी होते, कारण त्यांना घरी ठेवण्यास घरच्यांना कारण लागत नाही. सहा वर्षांच्या मुलीस स्वतःच्या पायांनी शाळेत जाता येते की नाही, ही मोजपट्टी मला पटसंख्येहून अधिक भरवशाची वाटते.

शाळेच्या कपाटात लाल कापडाने बांधलेले एक जाडजूड रजिस्टर असते. प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस त्यात लिहिलेला असतो. मुंबईत हमाली करून थकलेले आजोबा निवृत्तिवेतनासाठी किंवा वारसाच्या नोंदीसाठी जन्मतारखेचा पुरावा शोधीत येतात, तेव्हा गुरुजी हे रजिस्टर उघडतात. पिवळ्या पडलेल्या पानावर आजोबांचे नाव सापडते. जवळ उभी असलेली मुले त्यांचे हजेरीतले वय पाहून हसतात.

याच रजिस्टरावरून एप्रिलमध्ये गुरुजी हिशेब करतात. सतरांतून चौथीची पाच जणे पुढील शिक्षणासाठी मोठ्या गावी जाणार. राहिली बारा. अंगणवाडीत सहा वर्षे पूर्ण झालेली मुले किती? दोन. म्हणून मे महिन्याच्या उन्हात गुरुजी, बाई आणि समितीतील दोन आया घरोघर जातात. सुट्टीत पुण्याहून आलेल्या कुटुंबांना विचारतात, “यंदा आजीजवळ ठेवता का मुलाला?” कोणी विचार करू म्हणतात, कोणी नाही म्हणतात.

जून उजाडतो. पहिल्या दिवशी ओट्यास आंब्याच्या पानांचे तोरण असते. दोन नव्या मुलांना फुले देऊन, हलगी वाजवीत वाडीतून शाळेत आणले जाते. त्यांतील एक रडत असते. रजिस्टरात दोन नावे चढतात आणि पट चौदा होतो. खो-खोला आता चार गडी कमी पडणार. पण कबड्डीच्या दोन्ही बाजू बरोबर भरतात.